पालघरच्या गॅलरीत वाढलेले प्रवाळ

गेल्या वर्षी याच नियतकालिकात एका लेखकमहोदयांनी प्रवाळाचे वर्णन ‘सागरतळीची नयनरम्य वनस्पती’ असे केले होते. मी त्याच दिवशी संपादकांना पत्र लिहून हरकत नोंदवली. प्रवाळ ही वनस्पती नव्हे. तो प्राणी आहे. नव्हे, शेकडो सूक्ष्म प्राण्यांनी मिळून बांधलेले ते एकत्रित घर आहे. उत्तर आले नाही, म्हणून स्मरणपत्र पाठवले. त्यावर संपादकांनी कळवले की खुलासा छापण्यास जागा नाही, परंतु आपण लेख लिहिल्यास जागा होऊ शकेल. खुलाशाला नसलेली जागा लेखाला कोठून निघते, असे विचारणारे तिसरे पत्र मी लिहिले होते. ते माझ्या पत्नीने टपालात टाकू दिले नाही. सबब हा लेख.

मी आरंभी पालघरला एका वकिलांकडे कारकून होतो आणि पुढे माशांच्या काचेच्या टाक्या तयार करणे, बसवणे व त्यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय झाला. हे कसे झाले ते सांगत बसत नाही, कारण त्यात कोणाला रस असण्याचे कारण नाही. एवढेच नमूद करतो की कारकुनी सुटली तरी लोक मला ‘वकील’च म्हणत राहिले. मी वकील नाही, असे मी प्रत्येक वेळी स्पष्ट करीत असे. त्यामुळे ते नाव अधिकच पक्के झाले.

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची कार्यालये थाटात सजू लागली, तशी टाक्यांना मागणी वाढली. बहुतेकांना गोड्या पाण्यातले सोनेरी मासे हवे असत. खाऱ्या पाण्याची टाकी मागणारा ग्राहक वर्षाकाठी एखादा येई आणि प्रवाळाची तर कोणीच मागणी केली नाही. प्रवाळ मी आपण होऊन वाढवले, आणि त्याला कारण सातपाटीचे काशिनाथ तांडेल.

काशिनाथ स्वतःच्या बोटीचे तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. माझ्या खाऱ्या टाक्यांसाठी लागणारे पाणी तेच खोल समुद्रातून भरून आणत. किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ आणि खाडीचे पाणी संशयास्पद, म्हणून मी दोन्ही वर्ज्य केली होती. एकदा ते कच्छच्या आखाताकडे मासेमारीला गेले असता नांगराला अडकून एक तुकडा वर आला. पसरट पेल्याच्या आकाराचा, मोहरीच्या रंगाचा. येताना वाटेत पाणी बदलत बदलत त्यांनी तो बादलीतून माझ्यापर्यंत पोचवला.

“फेकनार होतो, वकील,” ते म्हणाले. “पन हात लावला तं मिटला. म्हटलं, जिता हाय. जिता हाय तं वकिलाकडे देऊ, तो कायद्याने वागवंल.”

तुकडा सापडला ती जागा संरक्षित क्षेत्राबाहेर होती, याची मी चौकशी करून खात्री करून घेतली आणि मगच तुकडा टाकीत ठेवला.

ज्यांनी अशी टाकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. मासा पाळणे वेगळे. तो भुकेला असला की काचेशी येतो, आजारी असला की तिरपा पोहतो. प्रवाळ काहीच सांगत नाही. त्याला पाण्याचा खारेपणा कायम एकसारखा लागतो. पालघरच्या उकाड्यात टाकीतले पाणी रोज वाफ होऊन घटते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून घटलेल्या पाण्याची भर रोज गोड्या पाण्याने घालावी लागते. शिवाय प्रवाळ आपले दगडी घर पाण्यातल्या चुन्यापासून बांधते, तेव्हा तो चुनाही पुरवावा लागतो. परदेशी मासिकांत त्यासाठी महागड्या पुड्यांच्या जाहिराती असत. मी पानवाल्याकडचा खायचा चुना बरणीत विरघळवून रात्रभर ठेवी आणि सकाळी वरची निवळी काढून घेई. ती एकदम ओतली तर प्रवाळ भाजते. म्हणून पालघरच्या डॉक्टर कर्व्यांकडून सलाइनची जुनी नळी आणली आणि बाटली खिळ्याला उलटी टांगून थेंब थेंब निवळी सोडली. आमच्याकडे आलेले पाहुणे विचारीत, घरात कोण आजारी आहे? पत्नी गॅलरीकडे बोट दाखवी.

वीज ही दुसरी विवंचना. पंप बंद पडला की पाणी कोंडते आणि प्रवाळ गुदमरते. त्यावर मी ट्रकच्या चाकाची ट्यूब हवेने भरून ठेवी आणि वीज गेली की तिच्या व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून टाकीत बुडबुडे सोडी. वीज कार्यालयाने माझ्या पत्रांसाठी स्वतंत्र फाईल उघडली आहे, असे तेथील एका लिपिकाने मला हसत हसत सांगितले होते. मी त्यांना विचारले, फाईल उघडली, पण वाचली का?

परंतु हे सारे कष्ट मी कष्ट म्हणून सांगत नाही. सकाळी उन्हाचा पट्टा गॅलरीच्या कठड्यावरून उतरून टाकीवर आला की त्या मोहरी रंगाच्या पेल्यावर एकेक फूल उघडू लागे. फूल म्हणजे प्राण्याचे तोंड व त्याभोवतीच्या स्पर्शिका. हे मला माहीत असूनही मी मनातल्या मनात फूल असेच म्हणत आलो. सगळी उघडली की पेला दिसेनासा होई, नुसते पिवळसर लव असलेले काहीतरी पाण्यात श्वास घेत आहे असे वाटे. मी स्टुलावर बसून पाही. मला आयुष्यात ज्या गोष्टींचा राग आला त्यांची यादी लांब आहे. त्या स्टुलावर बसलेला असताना मात्र मला राग आल्याचे आठवत नाही.

पेला वाढला आणि त्याची कड टाकीच्या काचेला टेकू लागली, तेव्हा ती कापणे भाग पडले. डहाणू-घोलवडकडचे बागाईतदार चिकूचे कलम करतात, तोच हा प्रकार. जिवंत कडेचा बोटभर तुकडा हॅकसॉच्या पात्याने कापायचा, स्वच्छ शिंपल्यावर बसवायचा आणि वाट पाहायची. पहिला तुकडा कापताना पात्याखाली दगडाचा आवाज आला आणि हाताला चिकट स्राव लागला. पत्नी दाराशी उभी होती. ती म्हणाली, “अहो, दुखत असेल हो त्याला.” मी शास्त्रीय उत्तर दिले. ते मला स्वतःलाही पटले नाही. काही आठवड्यांनी त्या तुकड्याने शिंपल्यावर पातळ कातडी पसरली आणि स्वतःचे पहिले फूल उघडले.

असे तुकडे मी तिघांना दिले: डॉक्टर कर्वे, मला ती परदेशी मासिके वाचायला देणारे अणुऊर्जा वसाहतीतले इंजिनिअर मित्र आणि बोईसरचे कारखानदार दिवाण. टाकी, पाणी आणि प्रवाळ यांची रीतसर पावती दिली. पावतीबाहेरची एक अट मात्र तोंडी सांगितली. माझ्याकडचे मूळ प्रवाळ काही कारणाने गेले, तर तुमच्याकडच्या वाढलेल्या कडेचा एक तुकडा मी मागायला येईन. तुमचे गेले, तर मी देईन. जगभर प्रवाळ वाढवणारे लोक असेच करतात. वाटून ठेवलेले प्रवाळ एका घरच्या संकटात संपत नाही. हा व्यवहार नव्हता, शेजारधर्म होता, आणि शेजारधर्म पावतीवर लिहिणे मला प्रशस्त वाटले नाही. तिघेही हसून हो म्हणाले.

याच सुमारास दिवाणांशी माझा वाद सुरू झाला. त्यांच्या कार्यालयात जाण्याचा माझा रस्ता कुंभवलीवरून जाई. तिथल्या एका विहिरीचे पाणी चहासारखे झाले होते आणि बायका ते भांड्यात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत होत्या. विहिरीशेजारून जाणारा नाला कोणत्या भिंतीखालून निघतो ते मी चालत जाऊन पाहिले. ती भिंत दिवाणांच्या कारखान्याची होती. मी संबंधित सर्व कार्यालयांना, कायद्यातील तरतुदींसह, सविस्तर तक्रार पाठवली आणि तिची एक प्रत सौजन्य म्हणून दिवाणांनाही दिली. टाकीच्या देखभालीचा करार वेगळा आणि तक्रार वेगळी, अशी माझी भूमिका होती. दिवाणांनी करार मोडला नाही. त्यांच्या केबिनमध्ये मी गेलो की ते वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरीत, एवढाच बदल झाला.

आता पाण्याच्या पिंपाविषयी सांगितले पाहिजे. बोईसरला भंगारवाल्यांकडे रसायनांचे रिकामे प्लास्टिक ड्रम स्वस्तात मिळत आणि घरोघरी लोक त्यांत पिण्याचे पाणी भरीत. त्याविरुद्धही मी लिहिले होते. माझ्या टाक्यांचे पाणी अशा ड्रममधून येणार नाही, असा माझा कटाक्ष होता, म्हणून काशिनाथ तांडेल माझ्यासाठी बोटीवर एक जुने लाकडी पिंप ठेवीत. ते त्यांच्या वडिलांच्या वेळचे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत, त्या काळासाठी मी आधीच पाण्याचा साठा करून ठेवी. श्रावणात तो संपत येई आणि मी नारळी पौर्णिमेची वाट पाही. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीत काशिनाथ सर्वांआधी माझे पिंप भरीत. पहिले पाणी वकिलाचे, असा त्यांनी स्वतःहून पाडलेला पायंडा होता. त्या पाण्याबरोबर नारळाचा तुकडा आणि साखर येई.

तक्रार केली त्या वर्षीही पाणी आले. साठा अगदी तळाला गेला होता, म्हणून मी टाकीतले निम्मे पाणी एकदमच बदलले. दुसऱ्या दिवशी फुले उघडली नाहीत. पाणी बदलल्यावर असे होते, म्हणून मी थांबलो. पुढच्या सकाळी ऊन आले तेव्हा कडेची कातडी जाळ्यासारखी फाटून लोंबत होती आणि खाली पांढरा दगड दिसत होता. मी उरलेसुरले जुने पाणी ओतले, निवळी थांबवली, पंप वाढवला. संध्याकाळपर्यंत पेला आतून बाहेरून पांढरा झाला. टाकीतल्या गोगलगायीही उलट्या पडल्या होत्या. मासे मात्र व्यवस्थित पोहत होते, आणि त्यावरूनच मला संशय आला. माशांच्या एका आजारावर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरतात. मासा ते सोसतो, प्रवाळ आणि गोगलगाय सोसत नाहीत.

मी सातपाटीला गेलो. बंदरावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळींतून वाट काढीत बोटीपर्यंत पोचलो. बोटीचा तळ नव्या गडद तांबड्या रंगाने चमकत होता. पिंप फळीवर आडवे ठेवलेले होते. मी आत वाकून पाहिले. आतूनही तांबडे.

काशिनाथ खुशीत होते. “नवा रंग हाय, वकील. लाकडाला किडा नाय लागत, कालवं नाय धरत. उरला व्हता, म्हटलं तुमचं पिंप गळतंय, त्याला आतून दोन हात मारू. आता बगा, थेंब नाय जानार.”

ज्या रंगाला कालवे धरत नाहीत त्यात तांबे असते, आणि ते तांबे पाण्यात उतरते म्हणूनच धरत नाहीत. हे मला तिथे उभ्या उभ्या उलगडले. पिंपाच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिलो. काशिनाथ माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

“मेला काय?”

“हो.”

ते फळीवर बसले. बोटीच्या तळाकडे पाहत म्हणाले, “कोनाला लिवनार आता?”

मी म्हणालो, “कोणालाच नाही, तांडेल.”

हे उत्तर मी समजूत घालण्यासाठी दिले नव्हते. आयुष्यात प्रथमच असे घडले होते की नुकसान माझे होते, कारण स्पष्ट होते, आणि ज्याला पत्र लिहावे असा माणूस या भूतलावर नव्हता. घरी परतलो आणि टेबलाशी बसलो. कागद कोराच राहिला.

तुकडे मात्र वाटून ठेवले होते. मी प्रथम डॉक्टर कर्व्यांकडे गेलो. त्यांच्या टाकीची देखभाल त्यांचा कंपाउंडर करीत असे, त्यामुळे बरेच दिवस माझे तिकडे जाणे झाले नव्हते. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहाने मला टाकीशी नेले. “बघा, कसं पांढरं शुभ्र ठेवलंय! आमचा कंपाउंडर दर रविवारी काढून ब्रशनं घासतो. पेशंट फार कौतुक करतात.” तो तुकडा केव्हाच मेलेला होता. मी डॉक्टरांना ते सांगितले नाही; सलाइनच्या नळीचे उपकार होते. अणुऊर्जा वसाहतीत गेलो, तर मित्राची राजस्थानात बदली झाली होती आणि टाकीत नव्या बिऱ्हाडकरूंनी गोड्या पाण्यात सोनेरी मासे सोडले होते.

राहिले दिवाण. त्यांच्या टाकीची देखभाल मीच करीत होतो, म्हणून तिथे काय आहे हे मला ठाऊक होते; रंगवलेल्या पिंपातले पाणी तिथे अजून गेले नव्हते. त्यांच्याकडचा तुकडा माझ्या मूळ पेल्याहूनही मोठा झाला होता. केबिनमधल्या ट्यूबलाइटखाली त्याची फुले अगदी माझ्या गॅलरीतल्यासारखी उघडत.

मी त्यांची वेळ घेऊन गेलो. त्यांनी चहा मागवला आणि माझे म्हणणे नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, “तुमचंच आहे हो ते. तुकडा कशाला, अख्खं घेऊन जा. फक्त तेवढा तुमचा कागद मागं घ्या.”

“साहेब, तक्रार माझी असली तरी विहीर माझी नाही. मी मागे काय घेऊ?”

“मग तसं म्हटलं तर प्रवाळ तरी तुमचं कुठंय? पावती आहे माझ्याकडे.”

“पावती मीच लिहिली आहे,” मी म्हणालो. “ती बरोबर आहे.”

“शब्द दिला होता, असं म्हणाल तुम्ही.”

“म्हणणार नाही. लेखी नाही.”

दिवाण हसले. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. “वकील, तुम्ही माणसाला भांडूसुद्धा देत नाही,” असे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. मी चहा संपवून निघालो. घरी पोचलो, तेव्हा तुकड्यासाठी नेलेला रिकामा डबा पत्नीने दारातच माझ्या हातातून काढून घेतला.

तक्रारीचे पुढे असे झाले की सुनावणी झाली, पाहणी झाली, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी निवळू लागले. ते माझ्या पत्रामुळे निवळले असा माझा दावा नाही. परंतु मी पत्र मागे घेतले असते, तर ते पाणी दिसेल तेव्हा मला तोंड फिरवावे लागले असते. काही वर्षांनी दिवाणांनी कारखाना गुजरातेत हलवला आणि टाकीही नेली की विकली, ते मला कळले नाही. पुढे प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत संरक्षण मिळाले. तसे व्हावे म्हणून मीही पत्रे लिहिली होती. समुद्रातून खोऱ्याने उपसून विकणारे लोक मी पाहिले होते. कायदा योग्यच आहे. त्याचा अर्थ असाही आहे की आज कोणी बादलीतून तसा तुकडा माझ्या दारी आणला, तर मी त्याला आत घेऊ शकणार नाही, प्रथम वन खात्याला कळवावे लागेल. मी कळवीनही. गॅलरीत स्टूल अजून आहे. सकाळी ऊन कठड्यावरून उतरते आणि थेट फरशीवर पडते. त्या उन्हाकडे पाहत मी चहा घेतो, आणि त्यात काय उघडत असे ते मला इतके स्पष्ट दिसते की चहा गार होतो.

दिवाणांकडचा करार शिल्लक होता, तोवर मी दर आठवड्याला जात राहिलो. काच पुसायची, घटलेले पाणी भरायचे, निवळी सोडायची, वाळू हलवायची. बाही वर करून हात पाण्यात घातला की प्रवाळाची कड मनगटाला लागे. हत्यारांच्या पेटीत हॅकसॉचे पाते असे. केबिन बहुधा रिकामी असे. एवढेच लिहितो.

एका दुपारी गेलो, तर पेल्याची वाढलेली कड स्वतःच्याच वजनाने मोडून वाळूवर पडली होती. तळहाताएवढा तुकडा, जिवंत, त्यावरची फुले अर्धी उघडलेली. मी कापला नव्हता, ओढला नव्हता. दिवाण शेजारच्या खोलीत बैठकीत होते. केबिनच्या दारावर रामाश्रय नावाचा शिपाई होता, उत्तर प्रदेशचा. मी कितीतरी आठवडे त्याच्यासमोर ती टाकी पुसत आलो होतो, आणि माझ्याकडचे काय गेले ते त्याला ठाऊक होते. तो जवळ आला, पाण्यात पाहिले आणि हळूच म्हणाला, “चाचा, डिब्बे में डाल लो. टूटा हुआ माल है. मैं उधर देख रहा हूँ.” आणि खरोखरच तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी पेटीवर कागद ठेवून दिवाणांना चिठ्ठी लिहिली: आपल्या मालकीच्या प्रवाळाचा एक भाग आपोआप तुटून पडला आहे, तो मला द्यावा अशी विनंती आहे, आदेश कळवावा. रामाश्रयने चिठ्ठी आत नेली. मी टाकीशी उभा राहिलो. तुकड्याची फुले हळूहळू पूर्ण उघडली. वाळूवर आडवे पडलेले असूनही उघडली.

रामाश्रय परत आला तो माझ्याकडे न पाहता. “साहब बोले, जहाँ का है, वहीं लगा दो.”

नळाची गळती बुजवायला प्लंबर दोन रंगांची पुट्टी वापरतात, ती प्रवाळ चिकटवायला चालते. दोन्ही रंग एक होईपर्यंत मी ती बोटांनी मळली. तुकडा वाळूवरून उचलला, मोडलेल्या जागी टेकवला आणि दाबून धरला. फुले मिटली. ही पुट्टी पाण्याखाली पकड घ्यायला वेळ लावते. तोवर हात हलवून चालत नाही. थोड्या वेळाने बोटांखाली ती घट्ट झाल्याचे जाणवले. मी हात काढला नाही. माझ्या तळव्याखाली एकेक फूल पुन्हा उघडू लागले होते आणि त्यांचा स्पर्श कातडीला कळत होता, ओल्या मखमलीसारखा. रामाश्रय खिडकीकडेच तोंड करून उभा होता. सगळी उघडेपर्यंत मी तसाच थांबलो.